दाराजवळचं ताट

डॉक्टरकाकांच्या जेवणाच्या टेबलावर रोज एक ताट जास्तीचं असे. जिन्याच्या दाराजवळच्या खुर्चीपुढे मांडलेलं. ताट, वाटी, पाण्याचं भांडं, डावीकडे मीठ आणि लिंबाची फोड. जेवणारे ते एकटे असले तरी हे ताट चुकत नसे, आणि जेवण आटोपेपर्यंत घराच्या पुढच्या दाराला कडी नसे. न्यू जर्सीतल्या जानेवारीतसुद्धा. हीटर घरघरत राही आणि दाराच्या फटीतून येणारा वारा आमच्या पायांवरून फिरे.

ते एका माणसाची वाट पाहत होते. त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. चेहराही नीट आठवत नव्हता. तो मराठी आहे आणि कधीतरी जेवणाच्या वेळी येईल, एवढ्यावर त्यांनी तीसेक वर्षं काढली होती.

त्यांच्याविषयी लिहायचं असं मी पुष्कळदा ठरवलं. दोन ओळी लिहिते आणि उठते. ते गेल्याचं दुःख आहेच, पण लिहिताना आड येतं ते दुसरंच काहीतरी. ती लाज आहे हे कळायला मला वेळ लागला. आणि ती माझ्या एकटीची नाही, हे कळायला त्याहून जास्त.

पिस्कॅटवेला त्यांच्या घराचा खालचा मजला आम्ही भाड्यानं घेतला तो दोन हजार एकच्या शरद ऋतूत. माझा नवरा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. मी पुण्याची, इतिहास घेऊन एम. ए. केलेली आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायला बंदी असलेली. काकू नुकत्याच गेल्या होत्या. मुलगी कॅलिफोर्नियात. काकांनी पहिल्याच दिवशी आम्हाला घर दाखवलं, ते किल्ला दाखवावा तसं.

"ही देवडी," बूट काढायच्या जागेकडे बोट करून ते म्हणाले. "इथं पहारेकरी. म्हणजे तुमचे बूट. रांगेत ठेवायचे. आता वर बघा. आयर्लंडमध्ये इथं छताला भोक असतं. दार फोडून कुणी आत आला की वरून दगड सोडायचे."

"काका, तिथं स्मोक डिटेक्टर आहे," माझा नवरा म्हणाला.

"आहे ना. मिरचीची फोडणी जाळलीत की तोच तुमचा जीव घेईल."

देवडीपासून त्यांच्या स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या अर्ध्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. तिच्यावर मी ठेचकाळले. ते खूश झाले. "ही अडखळपायरी. तिकडच्या प्रत्येक गोल जिन्यात एक असते. घरातल्यांच्या पायांना ती पाठ असते, परका मात्र तोंडावर पडतो. कुणी कितीही सांगितलं तरी मी ती दुरुस्त करणार नाही. तुम्ही पडायचे थांबलात की घरचे झालात."

डॉक्टरकाका भूलतज्ज्ञ होते. अमेरिकेत येण्याआधी तरुणपणी आयर्लंडमधल्या एका लहान गावाच्या इस्पितळात त्यांनी दोन वर्षं काढली होती. एका विधवा बाईंकडे खोली घेतली होती आणि खिडकीतून नदीपलीकडचा एक पडका किल्ला दिसायचा. "आपल्यासारखे डोंगरी किल्ले नव्हेत ते," ते सांगत. "आपल्याकडे गढ्या असतात ना, तशी गढी. पण उभी. चार-पाच मजले, भिंत इतकी जाड की आत जिना मावतो. खाली गुरं, वर मालक, मध्ये भांडणं." हा शाकाहारी डॉक्टर खाणार काय, म्हणून त्या बाईंनी त्यांना ताक घालून पाव भाजायला शिकवलं होतं. तो पाव ते आमच्यासमोर पिठल्याशी खात. संध्याकाळी शेगडीपाशी बसून त्या बाई गोष्टी सांगायच्या. एका सरदाराला म्हणे तळ्यानं गिळलं. तो ठरावीक वर्षांनी पाण्यावर घोडा फेकत येतो. घोड्याचे नाल चांदीचे आहेत आणि ते झिजून संपले की तो सुटणार. "तळ्याच्या पाण्यावर नाल झिजायचे कसे?" काका आम्हाला विचारत आणि स्वतःच उत्तर देत, "म्हणूनच तर अजून सुटला नाही बिचारा."

माझं इतिहासाचं डोकं मध्येच वळवळायचं. "काका, हे चौदाव्या शतकातलं की सोळाव्या?"

"ते तू बघ. तू शिकलेली आहेस. मी फक्त भूल देतो."

पण या सगळ्यांत त्यांची खरी गोष्ट एकच होती. समुद्रावर हुकूमत असलेली एक सरदारीण होती. लांबच्या सफरीवरून परतताना तिच्या गलबतावरचं अन्नपाणी संपलं. किनाऱ्यावर एक किल्ला दिसला म्हणून ती दाराशी गेली. दार बंद. आतून सांगण्यात आलं, मालक जेवायला बसलेत, नंतर या. ती मुकाट्यानं वळली, आणि किनाऱ्यावर खेळणारा मालकाचा वारस उचलून गलबतात घालून घेऊन गेली. मालक सोनं घेऊन धावला. तिनं सोन्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, पोर परत देते, पण यापुढे जेवणाच्या वेळी या किल्ल्याचं दार बंद व्हायचं नाही. टेबलावर एक पान जास्तीचं मांडलेलं पाहिजे. आणि जेवणाच्या वेळी येईल त्याला तू कोण म्हणून विचारायचं नाही. अजूनही म्हणे तिथं ते ताट मांडतात.

ही गोष्ट ते दर दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर सांगत. कार्यक्रम कुठल्यातरी हायस्कूलच्या सभागृहात असे. बाहेरच्या जागेत मुलांची किल्ल्यांची स्पर्धा असे. मुलं पुठ्ठ्याचे आणि मातीचे रायगड, प्रतापगड करत. त्यांत डॉक्टरकाका आपली उंच, अरुंद गढी आणून ठेवत. सगळी मातीची, अंगावर उगवलेले अळीव, शिखरावर कापसाचे कावळे.

"काका, यावर महाराज कुठे आहेत?" परीक्षक बाईंनी एकदा विचारलं.

"हा त्यांचा किल्ला नव्हे हो. इथला मालक वर जेवतोय. जायचं तर जा, पण जिन्यात सांभाळून."

मुलं हसली. मोठ्यांना कंटाळा येई. 'रिटायर झाले तरी डॉक्टरांनी भूल द्यायचं सोडलं नाही' हा मंडळातला ठरलेला विनोद होता. ते माइक हातात घेत आणि लोक चहाच्या निमित्तानं उठत. मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत मान खाली घालून बसे. हे आमचे घरमालक आहेत हे शेजारच्या बाईला कळू नये असं मला वाटायचं.

ते कळलंच. एकदा इंडियन ग्रोसरीत एक बाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तू त्या गढीत राहतेस ना? अगं, आणि तिथं जेवतेस? बाजूला ते पान वाढलेलं असताना?"

"कुठलं पान?"

"काकूंचं. त्या होत्या तोवर वाटायचं, मुलीचं असेल; आता रोज श्राद्ध घालतात म्हणे. आणि तो फुलाफुलांचा डबा असतो ना तिथं? त्यात... विसर्जनाला इंडियात जायला जमलंच नाही ना त्यांना."

तो डबा मी रोज बघत होते. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला पोचा पडलेला, जास्तीच्या ताटाच्या वरच्या बाजूला ठेवलेला. त्या दिवसापासून मी त्या डब्याकडे न बघता जेवू लागले. मराठी माणसाला शेजारी कोरं पान दिसलं की दुसरं काही सुचतच नाही. पितरांसाठी पान वाढणारे आपण. जिवंत, अनोळखी माणसासाठी कुणी रोज ताट मांडत असेल हे आमच्या कल्पनेतच बसत नव्हतं. लोक त्यांच्याकडे जेवायला येईनासे झाले होते ते यामुळे, हेही मला तेव्हा समजलं. आम्ही रविवारी दुपारी त्यांच्याबरोबर जेवत असू, ते मात्र चालू ठेवलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून.

एका बर्फाच्या दुपारी शाळा-कॉलेजं बंद होती, माझं लायब्ररीत जाणं राहिलं होतं. काकांनी भाजी निवडायला वर बोलावलं. निवडून झाल्यावर मी टेबल पुसलं.

"डब्याखालचं तू कधी पुसत नाहीस," ते म्हणाले.

मी फडकं हातात घेऊन उभी राहिले.

"काय आहे त्यात? काय सांगितलंय तुला मंडळातल्या बायकांनी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि एकदम हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. "ती? या डब्यात? अगं, तिला मी नाशिकला नेऊन आलो, गोदावरीत. बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय असं तिला कळलं असतं ना, तर उठून भांडली असती."

मग त्यांनी झाकण काढून डबा माझ्यापुढे धरला. रिकामा होता. तळाशी गंजाचे ठिपके. हसू ओसरलं होतं.

"आम्ही इथं नवीन होतो," ते म्हणाले. "सत्तरच्या आसपास. हॉस्पिटलचा चीफ सर्जन जेवायला आला होता, बायकोला घेऊन. त्याचे आजी-आजोबा आयर्लंडचे. माझी नोकरी पक्की होणं त्याच्या हातात. म्हणून मी ठरवून ती गोष्ट काढली होती. आपली तीच, गलबतावरच्या बाईची. ती किल्ल्यापाशी येते आणि दार बंद, इथवर आलो आणि बेल वाजली."

"कोण होतं?"

"एक पोरगा. कॅनव्हासचे बूट, बर्फानं भिजलेले. अंगात हातानं विणलेला स्वेटर. तेव्हा आपले लोक असेच यायचे. गावात उतरलं की फोनबूथमधलं पुस्तक उघडायचं आणि आपल्याकडचं आडनाव शोधायचं. मीही तसाच कुणाकडे तरी गेलो होतो, त्यांनी आठ दिवस ठेवून घेतलं होतं. हा पोरगा इतका आनंदात होता! ओरडूनच म्हणाला, 'नमस्कार! पुस्तकात तुमचं नाव सापडलं. म्हटलं, मराठी माणूस!' आत टेबलावर चीफच्या बायकोनं मान वळवून बघितलं."

त्यांनी झाकण डब्यावर पुन्हा बसवलं.

"मी म्हटलं, 'वुई आर ॲट डिनर.' इंग्रजीत. त्याच्याशी. 'कम टुमॉरो.' आणि दार लावलं. कडीचा आवाज झाला, तो त्यालाही ऐकू गेला असणार."

"आणि मग?"

"मग येऊन गोष्ट पुरी केली. ती सोनं नाकारते, ताट मागून घेते, सगळी. चीफला फार आवडली. नोकरी पक्की झाली."

हीटर सुरू होऊन बंद झाला. काका झाकणावरच्या पोच्यावरून बोट फिरवत होते.

"सकाळी दार उघडलं तर पायरीवर हा डबा. वर बर्फ साचलेलं. आत बेसनाचे लाडू. त्याच्या आईनं त्याला बांधून दिले असणार. आमच्यासाठी ठेवून गेला, दार बंद केल्यावर."

"तुम्ही काय केलंत त्यांचं?"

"खाल्ले," ते म्हणाले. "दोन वर्षांत घरचा लाडू पाहिला नव्हता. हिनं एक तोंडात घातला आणि रडायला लागली. मग मीही खाल्ला. संपेपर्यंत खाल्ले आम्ही. चांगले होते गं."

पुढे कितीतरी दिवस त्यांनी बसस्टँडवर, विद्यापीठाच्या वसतिगृहांत चौकशी केली होती. नाव माहीत नसलेल्या माणसाची चौकशी करायची तरी कशी? मग काकूंनीच एक दिवस ते ताट मांडलं. दोघांत त्यावर बोलणं असं झालं नाही.

"आणि स्टेजवरची गोष्ट?" मी विचारलं.

"कुणीतरी ऐकेल आणि म्हणेल, अहो, मलाही एकदा असंच परत पाठवलं होतं. तेवढंच."

"मग सरळच विचारा ना काका."

"सरळ विचारायचं तर सरळ सांगावं लागेल," ते म्हणाले आणि निवडलेली भाजी धुवायला उठले.

त्यांनी ते त्याच वर्षीच्या दिवाळीत सांगितलं. नेहमीप्रमाणे गोष्ट सुरू केली, दार बंद होण्यापर्यंत आणली आणि म्हणाले, "आता पुढचं माझ्या घरचं." सगळं सांगितलं. बेल, बर्फात भिजलेले कॅनव्हासचे बूट, स्वेटर, ते इंग्रजी वाक्य. फक्त डबा आणि लाडू सांगितले नाहीत. तेवढं त्यांच्यानं झालं नसावं. शेवटी म्हणाले, "तो माणूस या हॉलमध्ये असेल तर माझं घर सगळ्यांना माहीत आहे. रविवारी दुपारी पान वाढलेलं असतं. त्यानं यावं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे एका मुलीचा आवाज आला, "आई, व्हाय इज दॅट आजोबा सो सॅड?" सूत्रसंचालन करणारा मुलगा धावत स्टेजवर आला. "थँक यू डॉक्टरकाका! सो टचिंग यार. तर आता पुढचा परफॉर्मन्स..."

मी मान वर केली, ती पहिल्यांदाच. पुढच्या रांगांत पहिल्या पिढीतली माणसं बसली होती, डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या बायका. या वेळी चहाला कुणी उठलं नव्हतं. सगळे आपापल्या मांडीकडे बघत होते. एकमेकांकडेसुद्धा बघत नव्हते. नंतर जेवणाच्या रांगेत माझ्या मागे दोन म्हातारे होते.

"तुझ्याकडे तो एक आला होता बघ, कोल्हापूरचा. काय झालं रे त्याचं पुढे?"

"गप. श्रीखंड घे."

त्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. वरण-भातावर तूप वाढून झालं होतं आणि बेल वाजली. दाराला कडी नव्हती, ढकललं तरी उघडलं असतं. पण बेल वाजली. काका इतक्या घाईनं उठले की खुर्ची पडली.

दारात केमिकलवाले काका. मंडळात त्यांना सगळे असंच म्हणत. एका रसायनांच्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, कार्यक्रमात नेहमी पहिल्या रांगेत. हॅट हातात धरून ते उभे होते.

"तो मी," ते म्हणाले.

डॉक्टरकाकांनी पाहुण्याचा हात धरून त्याला पायऱ्यांवरून वर आणलं. उंच पायरीवर पाहुणा अडखळला, काकांनी सावरलं. दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. वाढताना काकांकडून वरण ताटाबाहेर सांडलं. माझा नवरा माझ्याकडे बघून हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"त्या दिवशी बर्फ होतं," पाहुणा म्हणाला. "माझे बूट कॅनव्हासचे होते."

"हो," डॉक्टरकाका म्हणाले. "हो."

मग पाहुण्यानं समोरच्या डब्याकडे हात केला. "यात काय, बडीशेप?"

मी घास तसाच धरला. काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "रिकामाच आहे. भात घ्या अजून."

आणि त्यांनी त्यांना भात वाढला, त्यावर वरण, वर तूप. आग्रह करून वाढला. ते गेल्यावर आम्ही भांडी आवरत असताना मला राहवलं नाही. "काका, ते—"

"दोनदा भात घेतला त्यानं," काका म्हणाले. "आवडलं असावं." आणि डबा उचलून त्याखालचं टेबल पुसून पुन्हा तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तेव्हा दाराजवळच्या खुर्चीपुढे ताट मांडलेलं होतं.

केमिकलवाले काका मग दर रविवारी येऊ लागले. दोघं म्हातारे ताकाच्या पावावर वाद घालत, निवडणुकीवर वाद घालत. गढीचा संडास वरच्या मजल्यावर का असतो आणि सरदार आपले कपडे तिथंच का टांगत, हे डॉक्टरकाका जेवताना सांगत आणि पाहुणे म्हणत, "डॉक्टर, ताटावर बसलोय मी." त्यांच्या पायांना अडखळपायरी पाठ झाली. बातमी मंडळात पसरली आणि लोकांना हायसं वाटलं. पान काकूंचं नव्हतं, डब्यात काही नव्हतं, आणि तो माणूसही सापडला होता. चांगल्या घरचा निघाला, शिवाय. लोक पुन्हा जेवायला येऊ लागले.

पुढच्या दिवाळीआधी संयोजकांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. या वर्षी गोष्ट हवीच, असं ते म्हणत होते. आता ती ऐकायला लोक तयार होते.

"नको," डॉक्टरकाका म्हणाले. "आता कशाला? तो सापडला ना."

त्यांनी फोन ठेवला. ते काय करून बसले आहेत हे मला तेव्हा कळलं. स्टेजवर पुन्हा विचारायचं म्हणजे सगळ्या हॉलसमोर त्या दुसऱ्या म्हाताऱ्याला खोटं पाडायचं. ते होऊ नये म्हणून त्यांनी विचारणं बंद केलं. वाट बघणं बंद झालं नव्हतं. दाराला कडी तेव्हाही नसे. पण तो खरा माणूस एखाद्या वर्षी टेक्ससमधल्या प्लेनोहून किंवा ॲरिझोनातल्या चँडलरहून मुलाकडे दिवाळीला आला असता आणि त्या हॉलमध्ये बसला असता, तरी त्याला आता कुणी काही विचारणार नव्हतं. मी हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. त्या टेबलावर रविवारी चार माणसं हसत जेवत होती आणि मला चौघांचीही लाज वाटत होती; कुणाची कशाबद्दल, हे वेगळं करता येत नव्हतं.

डॉक्टरकाका दोन हजार सातच्या मार्चमध्ये गेले. इस्पितळात, झोपेत. आम्ही तोवर जवळच आपलं घर घेतलं होतं. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियाहून आली. तेराव्याला घर भरलं होतं. स्वयंपाक मी आणि मंडळातल्या बायकांनी केला. दाराजवळच्या खुर्चीपुढे मी ताट मांडलं आणि त्या खुर्चीवर सवयीनं केमिकलवाले काका येऊन बसले. बाहेर वारा होता. वाढणं सुरू झालं तसं काकांची मुलगी म्हणाली, "ओ माय गॉड, किती थंडी! सगळं हीटिंग बाहेर चाललंय." ती खाली गेली आणि तिनं दाराला कडी लावली. तिचं चुकलं नव्हतं. ते घर तिचं होतं, पण लहानपणी पाहिलेली ही रीत, कॉलेजसाठी घर सोडल्यापासूनच्या इतक्या वर्षांत ती विसरून गेली होती.

माणसं ताटं घेऊन बैठकीच्या खोलीत गेली. टेबलापाशी आम्ही दोघंच उरलो. केमिकलवाल्या काकांनी भात कालवला होता, पण ते जेवत नव्हते.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "मी कुणाची बेल वाजवलीच नव्हती कधी. मला कंपनीनं बोलावलं. विमानतळावर कंपनीची गाडी होती. मी दार लावणाऱ्यांतला आहे." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "एक जोडपं आलं होतं. बायकोच्या कडेवर मूल. मी म्हटलं, आमचा घरमालक पाहुणे ठेवू देत नाही. घरमालक असं कधीच काही म्हणाला नव्हता. डॉक्टर स्टेजवर बोलले त्या रात्री मला झोप नाही. वाटलं, मी त्यांचा तो होऊन जेवलो, तर कुठंतरी दुसरा कुणी त्या जोडप्याला..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. "ते जाऊ दे. यांना तरी बरं वाटलं शेवटी. संशय नाही ना आला कधी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पण तो डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता.

"काका, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही विचारलंत ना, यात बडीशेप का म्हणून. तेव्हाच." आणि मी त्यांना पायरीवरच्या डब्याचं सांगितलं. लाडवांचंही सांगितलं.

ते डब्याकडे बघत राहिले.

"मग मला जेवू का घातलं?"

"जेवणाच्या वेळी आला होतात तुम्ही."

बैठकीच्या खोलीत कुणीतरी मठ्ठा मागत होतं. त्यांची बोटं भातात तशीच होती. ते म्हणाले, "म्हणजे मंडळात गोष्ट सांगायचं त्यांनी सोडलं, ते माझ्यामुळं."



ते उठले. वरण-भातानं माखलेला उजवा हात शर्टापासून लांब धरून पायऱ्या उतरले. उंच पायरीवर त्यांचा पाय चुकला नाही. खाली देवडीत बुटांच्या रांगेतून वाट काढत दारापाशी गेले, डाव्या हातानं कडी काढली आणि दार सताड उघडून तिथेच उभे राहिले. वारा सरळ वरपर्यंत आला. कागदी रुमाल उडाले.

"काका, व्हाय आर यू..." असं म्हणत काकांची मुलगी जिन्याच्या तोंडाशी आली. त्यांचा चेहरा बघून थांबली. काही न विचारता खुंटीवरचा कोट काढून तिनं साडीवर चढवला आणि पुन्हा जेवायला बसली. मग एकेकानं कोट घातले. दिवाळीच्या हॉलमधली, पुढच्या रांगांतली ती सगळी जुनी माणसं कोट घालून, मान खाली घालून, गार झालेला भात जेवत होती. कुणीही दार लावा म्हणालं नाही.

केमिकलवाल्या काकांचं अर्धं ताट माझ्यापुढे होतं. ते मी उचललं नाही. फडताळातून दुसरं ताट काढलं, वाटी काढली, पाण्याचं भांडं भरलं. शेजारच्या खुर्चीपुढे मांडलं. डावीकडे मीठ ठेवलं, लिंबाची फोड ठेवली. मग डबा उचलून त्या ताटाच्या वरच्या बाजूला ठेवला.